रिलीज म्हणजे छोडना

सर,

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. किती उशीर ते मोजायला बसलो तर पेन खाली ठेवावं लागेल, म्हणून मोजत नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझा धाकटा पहिलीत होता. आता त्याच्या कानाजवळचे केस पिकलेत, एवढंच सांगतो. मध्ये दोनतीनदा लिहायला घेतलं होतं. पहिल्या ओळीतच ऱ्हस्वदीर्घ चुकतंय असं वाटायचं आणि कागद फाडून टाकायचो. या वेळी चुकलं तर चुकलं.

आता लिहायचं कारण असं झालं. आमच्या इमारतीत खाली वॉचमनच्या खोलीबाहेर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं आहे. वॉचमन नवीन आहे, गोरखपूरकडचा, माणूस चांगला. गेल्या सोमवारी मी दूध घेऊन येत होतो, तर तो त्या नळकांड्यावरचा इंग्रजी कागद एकेका अक्षराखाली बोट धरून वाचत उभा. मला बघून म्हणाला, "बाबूजी, ये रिलीज माने क्या होता है?" सर, मी जागच्या जागी उभा राहिलो. मग "मालूम नहीं" म्हणालो आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर आलो, चार मजले. सून म्हणाली, "बाबा, एवढी धाप का लागली?" तिला काय सांगू. तेव्हापासून मी दिवसातून तीनदा काहीतरी निमित्त काढून खाली जातो आणि ते नळकांडं जागेवर आहे ना, त्याला कोणी हात लावला नाही ना, ते बघून येतो. उद्या खरंच आग लागली आणि त्याला तो शब्द कळलेला नसला तर? आणि मी सांगितला आणि त्याला भलताच कळला तर? दोन्हीकडून जीव टांगणीला आहे.

तुम्हाला यातलं बरंच माहीत आहे. तरी पहिल्यापासून सांगतो, कारण मी ते कोणालाच पहिल्यापासून सांगितलेलं नाही. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा तुम्ही आमच्या घरी आला होतात. खाडीकाठी, वाळत टाकलेल्या जाळ्यांच्या मधून, पायजमा वर धरून. आईने तुम्हाला दारातच सांगितलं, "सर, याचा बापूस आजारी हाय. होरी कोन नेल? शिकला तवरा बास." तुम्ही तिच्याशी वाद घातला नाहीत. दिलेलं पाणी प्यालात, आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "शाळा सोडलीस तर सोडलीस, वाचन सोडू नकोस." वाचन काही मी धरलं नाही. दोन वर्षं होडी नेली, मग बाबा गेल्यावर डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. तुमची गाठ पुन्हा पडली ती बारा वर्षांनी, त्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये.

नवीन केटल आली होती तेव्हा. केटल म्हणजे रंग शिजवायचं पोलादी भांडं, माणसाच्या दीडपट उंच, वर बोल्टांनी आवळलेलं झाकण आणि आत वाफेचा दाब. जुन्या केटलीवर नुसते लाल-हिरवे पट्टे मारलेले असायचे. हिच्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या चाकाला साखळीने पितळी बिल्ला अडकवलेला आणि त्यावर इंग्रजी. कामगार निम्मेअर्धे उत्तरेचे, जौनपूर, आझमगड, छपरा. बहुतेकांना हिंदी वाचता यायचं, इंग्रजीची ओळख नाही. साहेबांनी ठरवलं, चाळीस शब्द शिकवायचे, आठवड्यातून तीन दिवस, पहिली पाळी सुटल्यावर चार ते पाच. तुम्ही नुकतेच रिटायर झाला होतात, तुम्हाला बोलावलं. पहिल्या दिवशी तुम्ही उभे राहून म्हणालात, "मेरा हिंदी थोडा कच्चा है, आप लोग सांभाळून लेना." 'सांभाळून' म्हणजे काय ते कोणालाच कळेना. मी मागून ओरडलो, "संभाल लेना!" सगळे हसले. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "अरे, तू? पुढे ये." त्या दिवसापासून मी तुमच्या शेजारी उभा राहायला लागलो. तुम्ही मराठीत सांगायचं, मी हिंदीत करायचं. ते तुम्हाला बडे मास्टर म्हणायला लागले आणि मला छोटे मास्टर, थोडं कौतुकाने, थोडं टोचायला.

रविवारी सकाळी मी तुमच्याकडे यायचो. तुमच्या दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत पुस्तकंच पुस्तकं, म्हणून आपण स्वयंपाकघरात पाटांवर बसायचो. काकू ओट्याशी. तुम्ही आठवड्याचे शब्द काढायचे आणि मला विचारायचं, याला हिंदीत काय म्हणतील? मी छातीठोकपणे सांगायचो. काकू एकदा पोह्यांवर खोबरं घालता घालता म्हणाल्या, "एक पुण्याचा आणि एक खाडीचा, दोघं मिळून हिंदी शिकवणार! त्या बिचाऱ्यांचं काही खरं नाही." आपण तिघंही हसलो. नंतर ते हसणं मला कितीदा आठवलं असेल.

तुम्हाला मात्र त्यातला धोका आधीच कळला होता. आठवतं का, एकदा मागे बसून दोघं बोलत होते म्हणून तुम्ही रागावलात, "फिर से बोला तो मैं शिक्षा करेगा!" तर तो जौनपूरचा उंच माणूस, सगळ्यांत मन लावून शिकणारा, हात जोडून उभा राहिला. "दीजिए गुरुजी, शिक्षा दीजिए, उसी के लिए तो आए हैं." तुम्हाला कळेना हा उद्धटपणा करतोय की काय. मी सांगितलं, सर, त्यांच्यात शिक्षा म्हणजे शिक्षण. तुम्ही खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. हसून झाल्यावर घरी जाताना एकदम गंभीर झालात. "बघ, अक्षर न अक्षर तेच. आपल्याकडे छडी आणि त्यांच्याकडे शाळा. नुसता अर्थ सांगून कधीच थांबायचं नाही. सांगितलास की समोरच्याकडून वाक्य करून घ्यायचं. त्याच्या वाक्यात शब्द नीट बसला, तरच त्याला कळला." दुसऱ्या वेळी मी घाईत वाक्य करून न घेता पुढचा शब्द घेतला, तेव्हा सगळ्यांसमोर मला थांबवलंत. "हे जाळं नाही, टाकलं आणि ओढलं." मला फार लागलं ते. पण त्याच महिन्यात तुम्ही तुमची खडू धरायची पितळी नळी मला देऊन टाकलीत. खडूने तुमची बोटं फुटायची म्हणून तुम्ही ती वापरायचात. म्हणालात, "तुझीही बोटं आता मास्तरची." मी ती घरी आणून देव्हाऱ्यात ठेवली होती.

आता तो दिवस. तुमची मुलगी कल्याणला बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. दुपारी तुम्ही कारखान्याच्या गेटवर आलात, घाईत, हातात थर्मास. मला चिठ्ठी दिलीत. तीन शब्द होते, पहिलाच 'रिलीज'. "सावकाश घे. एकच शब्द झाला तरी चालेल. वाक्य करून घे," एवढं बोलून तुम्ही रिक्षात बसलात. सर, मी पहिल्यांदाच एकटा वर्ग घेणार होतो. खिशात ती नळी होती. मी दोनदा तोंड धुतलं, शर्ट बदलला. एक शब्द झाला तरी चालेल हे मला कमीपणाचं वाटलं. मला तिन्ही करून दाखवायचे होते.

चार वाजलेत. कॅन्टीनच्या खिडकीत कोणीतरी ट्रान्झिस्टर ठेवलाय, क्रिकेटची मॅच रंगात आलीय. पोरं चुळबुळ करतायत. मी फळ्यावर रिलीज लिहितो, इंग्रजीत, तुमच्यासारखं आर जरा तिरपं काढून. म्हणतो, "रिलीज मतलब छोडना. जिधर रिलीज लिखा है, उधर छोड देने का." जौनपूरचा वही काढून लिहून घेतो. मागून एक जण ओरडतो, "छोटे मास्टर, आज हमको जल्दी छोड दीजिए, आखिरी ओवर है!" सगळे हसतात. मी पण हसतो. पुढचा शब्द घेतो, त्याच्या पुढचा घेतो, आणि वीस मिनिटांत वर्ग सोडतो.

सर, ते वाक्य त्यांनी स्वतःच करून दिलं होतं. 'हमको छोड दीजिए.' तेच फळ्यावर लिहून मी म्हटलं असतं, बघा, आत कोंडलेल्या वाफेला असंच सोडायचं, तर पुढचं काहीच झालं नसतं. माझ्या कानावर पडलं आणि मला कळलं नाही. आपलं सोडणं तरी कुठे एका अर्थाचं आहे. नळाला पाणी सोडतात, शाळा सोडतात, कैद्याला सोडतात आणि नको ते काम तसंच सोडून देतात. मला वाफ सोडायची हे सांगायचं होतं. त्यांच्यात कशाला 'छोड दो' म्हटलं, तर रहने दो, हात लावू नका असंही होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज ऐकत होतो. त्या वेळी डोक्यात आलं नाही.

जौनपूरचा तेव्हा पॅकिंगला होता. वाचायला यायला लागलं म्हणून साहेबांनी खूश होऊन त्याला केटलीवर घेतलं. मला पेढा देऊन म्हणाला, "छोटे मास्टर, ये आपके चाळीस शब्द का है." मराठीत चाळीस म्हणाला, मला बरं वाटावं म्हणून. तिसऱ्याच दिवशी त्याच्याबरोबरचा ऑपरेटर खाली गेलेला असताना माल तयार झाल्याची घंटा वाजली. झाकण उघडण्याआधी बाजूचं छोटं चाक फिरवून वाफ बाहेर काढायची असते. त्या चाकाच्या बिल्ल्यावर रिलीज लिहिलेलं. त्याने ते वाचलं. बिल्ला हातात धरून वाचताना त्याला दोघांनी बघितलं. मग त्याने ते चाक तसंच ठेवलं आणि झाकणाचे बोल्ट ढिले करायला घेतले.

मी त्याला ठाण्याच्या इस्पितळात भेटलो. तोंडावर पट्टी, दोन्ही हात पट्टीत. उजवा डोळा गेला होता, डाव्याचं सांगता येत नव्हतं. माझा आवाज ओळखून म्हणाला, "लिखा था छोड दो, तो हम छोड दिए. हाथ भी नहीं लगाए." तोच पुढे म्हणाला, "आपका दोष नहीं है मास्टर. हमरी समझ का फेर है." त्याच्या भावाने मला स्टूल दिलं. मी बसलो नाही. डावा डोळा वाचला, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तोवर भाऊ त्याला गावी घेऊन गेला होता.

चौकशी लागली. साहेबांच्या टेबलावर त्याची वही उघडून ठेवलेली. रिलीज, पुढे हिंदीत छोड देना, आणि त्याच्यापुढे त्याने आपल्या मनाने लिहिलेलं, हाथ नहीं लगाना. मला आधी आत बोलावलं. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात, मांडीवर छत्री. साहेबांनी विचारलं, "वर्गात होतास?" होतो म्हणालो. "हा शब्द कोणी शिकवला?" पंखा फिरत होता आणि वहीचं पान उडायला बघत होतं. साहेबांनी त्यावर पेपरवेट ठेवला. मी म्हणालो, "सरांनी."

एवढंच, सर. एकच शब्द. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं, नोकरी कायम व्हायची होती, ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी तसलं काही डोक्यात नव्हतं. तोंडातून आपोआप 'सरांनी' आलं. लहानपणी खिडकीची काच फुटली की दुसऱ्याचं नाव येतं, तसं.

मग तुम्ही आत गेलात. दार लागलं. मी त्याच बाकावर बसलो, तुमची छत्री माझ्याजवळ. दहा मिनिटांनी तुम्ही बाहेर आलात. शिपाई आतलं ऐकून आला होता, तो माझ्या कानाशी म्हणाला, "म्हातारा म्हणतो, वर्ग माझा, शब्द माझा." तुम्ही त्या दिवशी कल्याणला होतात हे तुम्ही सांगितलंच नाहीत. वर्गातल्या वीस जणांना ते माहीत होतं, पण त्यांना कोणी विचारलं नाही आणि ते आपणहून बोलले नाहीत.

आपण स्टेशनपर्यंत चालत गेलो. अर्धा रस्ता मागे पडला. मग म्हणालात, "वाक्य करून घेतलं होतंस?"

"हो सर."

"कोणतं?"

"पिंजरे का तोता छोड दिया," मी म्हणालो.

तुम्ही थांबलात. रस्त्याच्या कडेला, भंगाराच्या दुकानापाशी. माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "चांगलं वाक्य आहे." आणि चालायला लागलात. पोपटाचं वाक्य ज्याने केलं त्याला वाफ कळली नाही असं होणार नाही, हे तुम्हाला न कळण्यासारखं नव्हतं. म्हणजे ते खोटं तुम्ही तिथेच ओळखलंत. ते मला माहीत आहे. त्याचं मी विचारत नाही.

मी विचारतोय ते दुसरंच. साहेबांनी तुम्हाला आत सांगितलं का, की मी 'सरांनी' म्हणालो म्हणून? का त्यांनी सांगायच्या आधीच तुम्ही म्हणालात, वर्ग माझा, शब्द माझा? यातलं आधी काय झालं? तुम्ही माझ्यावर पांघरूण घातलंत, का मी तुमच्यावर घातलेलं ओझं मुकाट्याने उचललंत? लोकांना यात फरक वाटणार नाही. माझा सगळा जन्म या फरकात गेला आहे. पहिलं असेल तर मी तुमचा विद्यार्थी राहिलो. दुसरं असेल तर मी कोण, ते मला सांगता येत नाही.

वर्ग बंद झाला. डोंबिवलीत बोभाटा झाला, मास्तरांनी चुकीचं इंग्रजी शिकवलं आणि माणूस आंधळा झाला. तुमच्या घरच्या शिकवणीची मुलं कमी झाली, शेवटी दोनच राहिली. मी रविवारी येत राहिलो. तुम्ही मला एकदाही टोचून बोलला नाहीत, एकदाही काही विचारलं नाहीत. पाट, चहा, पोहे, सगळं तसंच. हिंदीचं मात्र आपण पुन्हा काही बोललो नाही. मी पुढे ऑपरेटर झालो, त्याच केटलीवर. वीस वर्षं तो बिल्ला रोज हाताने पुसला.

या पत्राला पत्ता नाही, तेव्हा ते पेटीत पडणार नाही. घडी घालून माझ्या पेन्शनच्या फाईलमध्ये ठेवीन, आणि कोणाच्या हाती लागू नये म्हणून कदाचित ती जागाही बदलीन. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती सांगितल्याशिवाय हे सगळं विचारायचा मला हक्क नाही.

तुम्ही गेल्यावर पहिल्या दिवाळीला मी काकूंकडे गेलो होतो. त्या स्वयंपाकघरात चकल्या काढत होत्या. मला पाटावर बसवलं, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बरं झालं आलास. कधीचं सांगायचं होतं तुला. त्या दिवशी कारखान्यातून आले ना, तर दोन दिवस बोललेच नाहीत. मग जेवताना तुझा विषय काढला. म्हणाले..." आणि झारा बाजूला ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. मी उठलो होतो. "काकू, उशीर होतोय, घरी पाहुणे यायचेत," म्हणालो. पाहुणे वगैरे कोणी नव्हते. त्या म्हणाल्या, "अरे, बस ना दोन मिनिटं." मी चपला हातातच घेतल्या आणि जिना उतरल्यावर घातल्या. पुढे त्या सात वर्षं होत्या. मी दर दिवाळीला गेलो, दारातूनच नमस्कार करून परत आलो, आणि त्यांनीही पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

उत्तर माझ्यासमोर आलं होतं, सर, आणि मी पळालो. त्या काय सांगणार होत्या तेवढं कळवा. वाईट असलं तरी चालेल. माझंही आता फार राहिलेलं नाही, म्हणून जमेल तितक्या लवकर कळवा.